फॉक्सग्लव्हचं रोप आणि नाव नसलेली आजी

आज आम्ही तुम्हाला एका फुलझाडाचा इतिहास सांगणार आहोत. या झाडाची रोपं शरद ऋतूत एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावतात. ते काम करणाऱ्या बायकांना झाडाची जी ओळख होती, तिचं पुढे काय झालं, ती कुणाच्या नावावर गेली, याची ही गोष्ट आहे. झाड इंग्लंडमधलं आहे, म्हणून गोष्टही तिकडचीच. पण ऐकताना आपलं परसदार आठवलं तर नवल वाटायला नको.

झाडाचं नाव फॉक्सग्लव्ह. ते समजून घ्यायचं तर आधी आपला कांदा आठवा. उळं टाकलं, रोप लावलं, की पहिल्या हंगामात पात येते आणि खाली कांदा पोसतो. फूल येत नाही. बी हवं असेल तर चांगले कांदे निवडून राखून ठेवायचे आणि दिवाळीच्या आगेमागे पुन्हा जमिनीत लावायचे. मग त्यातून डोंगळे वर येतात, पांढरे गोल गेंद फुलतात आणि काळं बी धरतं. बी दिलं की त्या कांद्याचं काम संपलं. एका वर्षी वाढायचं, दुसऱ्या वर्षी फुलायचं आणि बी टाकून मरून जायचं, असं ज्यांचं आयुष्य असतं त्यांना द्विवर्षायू झाडं म्हणतात. फॉक्सग्लव्ह तशातलंच एक.

पहिल्या वर्षी ते जमिनीलगत बसतं. नुसती पानं, गोल पसरलेली, मऊ लव असलेली. दुसऱ्या वर्षी मधून एक दांडा निघतो, माणसाच्या उंचीपर्यंतसुद्धा जातो, आणि त्यावर जांभळट गुलाबी नळीसारखी फुलं एकाखाली एक लोंबतात. तिळाचं फूल पाहिलंय ना? बरंचसं तसंच, पण मोठं आणि आतून ठिपक्याठिपक्यांचं. नळीत बोट सहज जातं. म्हणूनच लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानं १५४२ साली आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात त्याला 'डिजिटॅलिस' असं लॅटिन नाव दिलं. डिजिटस म्हणजे बोट. जर्मन बोलीत या फुलाला आधीपासून अंगुस्तान म्हणत होतेच, तेच शिवणकाम करताना आपण बोटात घालतो ते. म्हणजे शास्त्रातलं नावसुद्धा मुळात घरातल्या वस्तूवरून आलेलं.

उन्हाळा संपता संपता फॉक्सग्लव्हची बोंडं फुटतात. बी खसखशीपेक्षाही बारीक, आणि एका झाडाचं हजारोंनी. ते वाऱ्यानं आजूबाजूला पडतं. कुणी पेरत नाही. आपल्या अंगणात तेरडा, गुलबक्षी, तुळस जशी आपली आपण उगवते, तशी याची रोपं फरशीच्या फटीत, भिंतीच्या कडेला, भाजीच्या वाफ्यात, कुठेही उगवतात. या बियाला उजेड लागतो. खोल पुरलं तर ते उगवत नाही. म्हणून माळीण मुद्दाम पेरायला गेली आणि वर माती जास्त ओढली तर काही येत नाही, आणि नुसतं पडू दिलं तर दाटी होते.

दाटी झाली की रोपं हलवायची. ते काम शरदातलं, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचं, आपला अश्विन-कार्तिक. तेव्हाच का? इंग्लंडमध्ये त्या दिवसांत उन्हाचा जोर गेलेला असतो, पाऊस सुरू झालेला असतो, पण जमिनीत उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते. रोप उचललं तरी पानं सुकत नाहीत आणि थंडी कडक व्हायच्या आत मुळं नव्या मातीत धरतात. पुढे जो गारठा येतो तो फॉक्सग्लव्हला हवाच असतो. थंडी खाल्ल्याशिवाय त्याचा फुलोरा वर येत नाही. वसंत येईपर्यंत थांबून हलवलं तर दांडा निघायच्या ऐन वेळी मूळ दुखावतं आणि फुलोरा लहान राहतो.

पद्धत तुम्हाला नवी नाही. आदल्या दिवशी पाणी द्यायचं. खुरप्यानं रोप मातीच्या गड्ड्यासकट काढायचं. नव्या जागी एक-दीड फूट अंतर ठेवून लावायचं. मधला कोंब मातीत गाडायचा नाही, नाहीतर तो कुजतो. पुन्हा पाणी घालायचं. फॉक्सग्लव्हची मुळं झुबक्यासारखी असतात, त्यामुळे ते हलवणं सोपं. त्याच बागांतल्या हॉलीहॉकला सोटमूळ असतं, ते खोल जातं, म्हणून त्याचं रोप अगदी लहान असतानाच उचलावं लागतं. शिवाय एक हिशोब ठेवावा लागतो. यंदा लावलेली रोपं पुढच्या वर्षी फुलणार आणि संपणार. दरवर्षी फूल हवं असेल तर दरवर्षी नवी रोपं तयार हवीत. एक पिढी फुलत असताना दुसरी शेजारी पानांत बसलेली हवी.

आता यातलं खरं अवघड काम कोणतं? खणणं नाही. ओळखणं. शरदात रोपाला फूल नसतं. नुसती पानं असतात, आणि तशीच हिरवी लवदार पानं आणखी चार तणांची असतात. जी बाई रोपं हलवते तिला फूल न बघता झाड ओळखावं लागतं. कॉम्फ्रे नावाचं एक झाड इंग्लंडमध्ये ओढ्याकाठी सगळीकडे असतं, त्याचं पान लांबून अगदी फॉक्सग्लव्हसारखं दिसतं. जवळ जाऊन बोट फिरवलं की फरक कळतो. कॉम्फ्रेचं पान खरखरीत आणि कडेला सरळ असतं. फॉक्सग्लव्हचं मऊ, आणि कडेला बारीक दाते असतात. पांढऱ्या फुलांचं झाड हवं असेल तर जाणत्या बायका पानाचा देठ बघतात. देठावर जांभळी झाक असेल तर फूल जांभळं येणार, म्हणून ते रोप काढून टाकायचं. फुलाचा रंग त्या फूल यायच्या कितीतरी महिने आधी सांगतात.

हा फरक केवळ हौसेचा नाही. फॉक्सग्लव्ह विषारी आहे. पान, फूल, बी, सगळंच. कॉम्फ्रे समजून त्याच्या पानांचा काढा प्यायल्यानं माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे बिनफुलाच्या वर्षात झाड ओळखता येणं ही जिवाशी गाठ असलेली विद्या होती.

ही विद्या कुठे होती? इंग्लंडच्या खेड्यांत शेतमजुरांच्या लहान घरांपुढे बागा असायच्या. आपल्या परसासारख्याच. कोबी, वाटाणा, बटाटा, आणि मधे मधे फॉक्सग्लव्ह, हॉलीहॉक, स्वीट विल्यम. ही फुलं विकत घ्यावी लागत नसत. एकीच्या दारात जास्त झाली की कुंपणावरून दुसरीला दिली. पुढे गर्ट्रूड जेकिल या नामवंत बागतज्ज्ञ बाई झाल्या. १८४३ चा त्यांचा जन्म. सरे परगण्यात त्यांची मोठी बाग होती. १८९९ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मोकळेपणानं लिहिलं की गावातल्या या छोट्या बागांकडून आपण पुष्कळ शिकलो. पण ज्यांच्याकडून त्या शिकल्या त्या शेजारणींनी स्वतः लिहून ठेवलेलं फार थोडं. हात चालायचे, वही नव्हती.

वहीचं महत्त्व कळलेली एक बाई त्याच देशात त्याआधी होऊन गेली, तिची गोष्ट आपल्या गटातल्या बायकांनी ऐकायलाच हवी. तिचं नाव एलिझाबेथ ब्लॅकवेल. नवऱ्यानं कर्ज करून ठेवलं आणि तो कर्जदारांच्या तुरुंगात गेला. त्या काळी कर्ज फिटेपर्यंत आत ठेवत. एलिझाबेथला चित्रं काढता येत होती. लंडनमध्ये चेल्सी इथे औषधी झाडांची बाग होती. तिच्या जवळच तिनं बिऱ्हाड केलं. बागेतलं एकेक झाड समोर ठेवून तिनं चित्र काढायचं, स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं आणि छापून झाल्यावर हातानं रंगवायचं. वेगवेगळ्या भाषांतली नावं नवरा तुरुंगातून पुरवायचा. १७३७ ते १७३९ या काळात दर आठवड्याला चार चित्रं, अशी तिनं ५०० झाडं छापली. त्या पैशातून नवरा सुटला. त्या ५०० झाडांत फॉक्सग्लव्हही आहे. औषधं बनवणाऱ्यांना झाड ओळखता यावं म्हणून केलेलं ते पुस्तक. ओळखण्याची विद्या कागदावर आली, आणि करणारीचं नाव वर छापलेलं होतं म्हणून ते आजही आपल्याला घेता येतं.

आता येतो विल्यम विदरिंग. १७४१ साली श्रॉपशर परगण्यात जन्मलेला हा डॉक्टर. विद्यार्थी असताना त्याला वनस्पतिशास्त्र मुळीच आवडत नसे. डॉक्टर झाल्यावर हेलेना कुक्स नावाची तरुणी त्याची रुग्ण होती. तिला फुलांची चित्रं काढायचा नाद. तिच्यासाठी म्हणून तो रानातून झाडं आणू लागला. १७७२ साली दोघांचं लग्न झालं आणि १७७६ साली त्यानं ब्रिटनमधल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ इंग्रजीत काढला. त्यात एक गंमत आहे. हा ग्रंथ बायकाही वाचतील, म्हणून फुलांच्या नर-मादी भागांविषयीचे शब्द त्यानं गाळून टाकले. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बी धरत आल्या, त्यांना बी कसं धरतं हे पुस्तकात वाचायची मात्र बंदी.

१७७५ साली त्याच्याकडे एक घरगुती औषध मत द्यायला आलं. पूर्वी अंगात पाणी साठायचा आजार फार होता. पाय सुजायचे, पोट फुगायचं, आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टरांनी हात टेकलेले असे काही रोगी श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या काढ्यानं बरे होत असत. तिनं तो बराच काळ गुपित ठेवला होता. त्यात वीसहून जास्त पाले होते. घेतल्यावर जोरात उलट्या आणि जुलाब होत. विदरिंग झाडं जाणणारा होता. त्यानं पुढे लिहिलं की त्या वीसांतलं काम करणारं झाड फॉक्सग्लव्हच, हे ओळखणं त्याला अवघड गेलं नाही.

आजीचं श्रेय आजीला, आणि विदरिंगचं विदरिंगला. त्यानं केलं ते सोपं नव्हतं. तो रोज एक तास गरिबांना फुकट तपासायचा. वर्षाला दोन-तीन हजार गरीब रोगी त्याच्याकडे येत. त्यांच्यावर त्यानं हे औषध देऊन पाहायला सुरुवात केली. सुरुवातीचे डोस फारच मोठे होते, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. मग तो एकेक गोष्ट बदलत गेला. मूळ वापरावं की पान? ताजं की वाळवलेलं? कोणत्या महिन्यातलं? इथे झाडाचं दोन वर्षांचं आयुष्य आडवं आलं. द्विवर्षायू झाडाच्या मुळातला जोर ऋतूप्रमाणे बदलतो. दांडा वर येण्याआधी एक, आल्यावर दुसरा. पानांचंही तसंच. मग आज दिलेला चमचा आणि चार महिन्यांनी दिलेला चमचा सारखा कसा होणार? अखेर त्यानं ठरवलं की फक्त पान घ्यायचं, तेही दुसऱ्या वर्षी, दांडा निघून फुलं उमलायच्या बेतात असताना तोडलेलं. ते वाळवायचं, पूड करायची आणि तोलून द्यायची.

दहा वर्षं हे चाललं. १७८५ साली त्यानं फॉक्सग्लव्हवर पुस्तक छापलं. त्यात दीडशेहून जास्त रोग्यांची हकीकत आहे. गुण आलेल्यांची आहे आणि न आलेल्यांचीही आहे. डोस जास्त झाला तर काय होतं तेही लिहिलं आहे. उलटी, चक्कर, सगळं हिरवं-पिवळं दिसणं, नाडी मंद होणं. हृदयाच्या चालीवर या झाडाइतका परिणाम करणारं दुसरं औषध आपल्याला माहीत नाही, असंही त्यानं नोंदवलं. या पुस्तकानं एका गावठी काढ्याचं औषध झालं. विदरिंग १७९९ साली वारला. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन भागातल्या जुन्या चर्चमध्ये त्याच्या स्मृतिशिळेवर फॉक्सग्लव्हचं झाड कोरलेलं आहे.

आणि ती आजी? विदरिंगनं तिचं नाव लिहिलं नाही. दीडशेहून जास्त रोग्यांच्या हकीकती लिहिल्या, कोणत्या महिन्यात पान तोडायचं ते लिहिलं, पण जिच्याकडून धागा मिळाला तिच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं. श्रॉपशरमधली एक म्हातारी, एवढंच.

पुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. १९२८ साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीनं जाहिरातीसाठी चित्र काढून घेतलं. त्यात डॉक्टर विदरिंग एका खेडवळ बाईकडून फॉक्सग्लव्ह घेताना दाखवला आणि बाईचं नाव दिलं 'मदर हटन'. नाव गोड होतं, चित्र छान होतं. हळूहळू पुस्तकांत, भाषणांत, डॉक्टरांच्या लेखांतसुद्धा मदर हटन खरीखुरी होऊन बसली. ती हुशार वैदू होती, डॉक्टरांनी तिला शोधून काढलं, सोनं देऊन गुपित घेतलं, असं काय काय तिच्याबद्दल रचलं गेलं. १९८५ साली, म्हणजे विदरिंगच्या पुस्तकाला २०० वर्षं झाली तेव्हा, डेनिस क्रिकलर या इंग्लंडमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी कागदपत्रं तपासून दाखवून दिलं की मदर हटन जाहिरातीतून जन्मली. त्याआधीच्या कागदांत ती कुठेच नाही.

बघा, आधी खऱ्या बाईचं नाव गेलं, आणि मग त्या रिकाम्या जागी खोटं नाव बसलं. जागा रिकामी ठेवली की कुणीतरी ती आपल्या सोयीनं भरतं. आम्हाला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

झाडाचा प्रवास मात्र पुढे चालूच राहिला. १९३० साली सिडनी स्मिथ या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं फॉक्सग्लव्हच्याच एका भावंडाच्या, लोकरी फॉक्सग्लव्हच्या पानांतून एक शुद्ध द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव डिगॉक्सिन. आता पूड तोलायची गरज उरली नाही. मिलिग्रॅममध्ये मोजून गोळी करता येऊ लागली. पण पानं लागायचीच, आणि इंग्लंड औषधी पाला मोठ्या प्रमाणावर युरोपातून मागवत होता. १९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं आणि तो पुरवठा तुटला.

तेव्हा सरकारला गावातल्या बायका आठवल्या. त्या बायका तोवर संघटित झाल्या होत्या. १८९७ साली कॅनडातल्या स्टोनी क्रीक गावात शेतकरी कुटुंबांतल्या बायकांचं पहिलं विमेन्स इन्स्टिट्यूट सुरू झालं. १९१५ साली वेल्समधल्या लानव्हेअरपूल गावात ब्रिटनमधलं पहिलं निघालं, आणि बघता बघता ती गावोगाव झाली. महिन्याची सभा, ठरलेली वर्गणी, काहीतरी नवं शिकणं, अध्यक्ष आणि सचिव आपल्यातूनच निवडणं. ऐकायला ओळखीचं वाटतंय ना?

युद्धात परगण्यापरगण्यात औषधी वनस्पतींच्या समित्या झाल्या. विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायका, शाळेतली मुलं, स्काउट असे सगळे पाला गोळा करायला निघाले. जंगली गुलाबाची बोंडं मुलांच्या सी जीवनसत्त्वाच्या सिरपसाठी, चिडवणीचा पाला, आणि फॉक्सग्लव्हची पानं हृदयाच्या औषधासाठी. ऑक्सफर्डशरमधल्या बायकांचं फॉक्सग्लव्हचं काम विशेष नावाजलं गेलं. कोरड्या दिवशी पानं तोडायची, किडकी-डागाळलेली काढायची, एकावर एक न टाकता उबदार, हवेशीर जागी पसरायची आणि कुरकुरीत होईपर्यंत लवकर वाळवायची. चार-पाच किलो ओला पाला वाळून जेमतेम किलोभर भरतो. त्यात दुसऱ्या झाडाचं पान मिसळलेलं चालत नाही. म्हणजे पुन्हा तेच. ओळखता आलं पाहिजे. ज्या बायका शरदात दारातली रोपं हलवत होत्या त्यांना ते आधीच येत होतं. फरक एवढाच की या वेळी पोती तोलली गेली, वजनं लिहिली गेली, कोणत्या गावानं किती पाला दिला याची वही झाली. म्हणूनच त्यांचं काम आज इतिहासात सापडतं. आजीचं गेलं, यांचं राहिलं.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्या मैदानी मुलखात फॉक्सग्लव्ह तग धरत नाही, त्याला थंडी लागते. भारतात त्याची लागवड झाली ती काश्मीरमध्ये, दक्षिणेला निलगिरीत आणि दार्जिलिंगजवळच्या मंगपू इथे. पण त्याचं औषध आपल्या गावात आहे. आपल्या गटांत अशा बायका आहेत ज्यांना लहानपणी घसा दुखून सांध्यांचा ताप आला आणि त्यातून हृदयाची झडप खराब झाली. कुणाच्या सासऱ्यांचे ठोके अनियमित पडतात, कुणाच्या आईच्या पायावर सूज येते. त्यांच्यातल्या काहींच्या पाकिटावर डिगॉक्सिन लिहिलेलं असतं. पांढरी, बारीक गोळी. बहुतेक वेळा पाव मिलिग्रॅमची. अडीचशे वर्षांपूर्वी विदरिंगनं लिहिलेली धोक्याची यादी आजही तशीच लागू आहे. ही गोळी घेणाऱ्या माणसाला मळमळ-उलट्या सुरू झाल्या, नजरेला पिवळसर दिसू लागलं, नाडी फार मंद झाली किंवा गरगरायला लागलं, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. गोळी आपल्या मनानं वाढवायची नाही, सोडायची नाही, आणि शेजारणीला तर मुळीच द्यायची नाही. गुण आणि विष यांत अंतर फार थोडं आहे. म्हणूनच फॉक्सग्लव्हचं झाड कुणाच्या दारात असेल तर ते फक्त बघायचं. काढ्यात घालायचं नाही.

आता थोडं आपल्या वहीबद्दल. गटाची वही आपण किती काटेकोर लिहितो. कुणी किती बचत केली, कुणाचा हप्ता कधी, व्याज किती, पै न्‌ पै. पण आपल्याच गटातल्या थोरल्या बाया श्रावणातल्या रानभाज्या पानावरून ओळखतात, फूल यायच्या आधी. कोणती भाजी दोन पाणी टाकून शिजवायची, कोणती अजिबात तोंडात घालायची नाही, कोणतं रोप कुठल्या नक्षत्रात हलवलं तर जगतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. ते कुठल्या रकान्यात आहे?

त्यासाठी रकाना आहे, आणि तो कायद्यानं दिलेला आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावातली झाडं, पिकं, जनावरं आणि त्यांच्याबद्दलची लोकांची माहिती तिच्यात लिहायची. २००४ च्या नियमांनी या समितीच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं सांगितलं. अशा माहितीतून कुणी धंदा उभा केला तर त्याच्या फायद्यात स्थानिक लोकांचा वाटा असावा, हे तत्त्व या कायद्यात आहे. पण वाटा मागायला आधी नोंद लागते. नोंदच नसेल तर आपली आजी पुन्हा 'एका खेड्यातली म्हातारी' होऊन जाईल.

म्हणून आम्ही सगळ्या गटांना एक काम सुचवतो. पुढच्या मासिक सभेत ग्रामपंचायतीत ही नोंदवही आहे का, समितीवर आपल्यातल्या कोण आहेत, ते विचारून घ्या. आणि तोवर गटाच्या वहीची शेवटची चार पानं राखून ठेवा. त्यावर एकेका झाडाबद्दल लिहा. आपल्याकडचं नाव, पानाची खूण, ते कोणत्या महिन्यात येतं, त्याचं काय करतात, आणि काय करायचं नाही. विदरिंगसारखं, फसलं ते पण लिहा. गुण आला तेवढंच लिहिलं तर ती जाहिरात होते. आणि शेवटी सांगणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, तारीख आणि तिची सही किंवा अंगठा. तिनं सांगू नये असं तिला वाटत असेल तर तोही तिचा हक्क. गुपित ठेवायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

इंग्लंडमधल्या बागांत दर शरदात हे काम होतं. फुललेली झाडं सुकून गेलेली असतात. पायाशी त्यांची पिल्लं नुसत्या पानांत बसलेली असतात. ती ओळखून, उचलून, नीट जागी लावणारं कुणी असेल तर पुढच्या जूनमध्ये बाग फुलते. आपल्याकडे अश्विन लागतोय. पाऊस ओसरला की गटाच्या बैठका पुन्हा नेहमीच्या वेळेला सुरू होतील. येताना प्रत्येकीनं आपल्या दारातलं, नाहीतर बांधावरचं, फूल नसलेलं एक रोप घेऊन या. कोण कोण ते नुसत्या पानावरून ओळखतं ते पाहू, आणि ओळखणारीचं नाव वहीत लिहू.